पूर्वजांच्या देशी जाणारी मुले : एका जुन्या प्रश्नाचा आढावा

बारामतीहून इंदापूरला जाणाऱ्या एसटीत शेजारी बसलेला माणूस आधी नाव विचारतो आणि मग विचारतो, "मूळचे कुठले?" राहता कुठे हा प्रश्न वेगळा, मूळचे कुठले हा वेगळा, हे आपल्याकडच्या लहान पोरालाही कळते. इंदापूर तालुक्यात तर हा फरक डोळ्यांना दिसतो. उजनी धरणाने भीमाकाठची गावे पोटात घेतली. उन्हाळ्यात पाणी ओसरले की पळसदेवचे जुने देऊळ उघडे पडते आणि घरातला म्हातारा माणूस नातवाला बोटाने दाखवतो, आपले घर तिकडे होते. नातवाचा जन्म नव्या गावठाणातला. ते जुने गाव त्याने नांदते असे कधी पाहिलेले नाही, तरी मूळचे कुठले म्हटले की तो त्याच गावाचे नाव घेतो.

हे अंतर दोन पिढ्यांचे नसून दोन हजार वर्षांचे असेल, आणि मध्ये समुद्र असेल, तर? वयात आलेल्या मुलाने किंवा मुलीने त्या न पाहिलेल्या मूळ भूमीकडे कायमचे जावे का, आणि गेल्यावर ते परतणे ठरते की परक्या देशात जाणे? मराठी बोलणाऱ्या एका समाजाने हा प्रश्न प्रत्यक्ष जगून पाहिला आहे. तो समाज म्हणजे बेने इस्रायल, कोकणातले ज्यू. पेणकर, रोहेकर, झिराडकर, अष्टमकर, तळकर, नवगावकर अशी त्यांची आडनावे. मूळचे कुठले या प्रश्नाला त्यांच्याकडे दोन उत्तरे असत. एक आडनावात होते, दुसरे प्रार्थनेत. १९४८ नंतर त्यांच्यातली बहुतेक तरुण मुले दुसऱ्या उत्तराच्या दिशेने, म्हणजे इस्रायलकडे, निघाली.

त्यांच्याविषयीची चर्चा आज कुठवर आली आहे, याचा हा आढावा. बारामती-इंदापूरच्या वाचकाला तो जवळचा वाटावा, कारण हाच प्रश्न आता उलट्या दिशेने आपल्या दारात येतो आहे. इथून शिकायला, नोकरीला गेलेल्यांची मुले अमेरिकेत, इंग्लंडात जन्मली आणि वाढली. त्यांच्या लेखी पूर्वजांचा देश म्हणजे आपली ही नीरा-भीमेची माती.

कोकणातले शनवार तेली

बेने इस्रायलांची परंपरा अशी सांगते की अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला एक गलबत फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या. त्यांचा वंश कुलाबा जिल्ह्यातल्या गावांत पसरला. घाण्यावर तेल काढणे हा धंदा, आणि शनिवारी घाणा बंद. म्हणून गावाने त्यांना 'शनवार तेली' म्हटले. हे कधी घडले याविषयी एकमत नाही. हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी १८९७ मध्ये लिहून पूर्ण केलेला समाजाचा इतिहास (तो छापून आला १९३७ मध्ये, तेल अवीवला) हा काळ इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात नेतो. इतर अभ्यासक तो बराच अलीकडे आणतात. कोणी येमेनकडून, कोणी इराणकडून आल्याचे मानतात.

जनुकांचा अभ्यासही झाला आहे. २०१६ मध्ये 'प्लॉस वन' या विज्ञान नियतकालिकात आलेल्या संशोधनानुसार या समाजात मध्यपूर्वेतल्या ज्यूंचा आणि स्थानिक भारतीयांचा, दोघांचाही वारसा भरपूर आहे, आणि हा मिलाफ साधारण एकोणीस ते तेहतीस पिढ्यांपूर्वीचा आहे. त्यात ज्यू वाटा अधिक करून पुरुषांकडून आणि स्थानिक वाटा अधिक करून स्त्रियांकडून आलेला दिसतो. वाचकाने ही नोंद लक्षात ठेवावी. धर्माचा निकाल जनुकांवरून लागत नाही, पण आईच्या बाजूचा प्रश्न पुढे फार महागात पडला.

अठराव्या शतकापासून हा समाज मुंबईकडे सरकला. सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी १७९६ मध्ये मुंबईत पहिले सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनास्थळ, बांधले. पलटणीत, रेल्वेत, पोस्टात, सरकारी कचेऱ्यांत माणसे लागली. पुण्यातही वस्ती झाली. पुण्याचे लाल देऊळ सर्वांना ठाऊक आहे, पण ते बगदादी ज्यू डेव्हिड ससून यांच्या देणगीतून उभे राहिलेले. बेने इस्रायलांचे स्वतःचे सुक्कथ शेलोमो हे सिनेगॉग रास्ता पेठेत १९२१ मध्ये झाले. याच पुण्यात १८७४ मध्ये पेसाहच्या सणाला वाचायचा हगादा हिब्रू आणि मराठीत छापला गेला. त्याच्या चित्रांतल्या बायका लुगडे नेसून सणाच्या बिनखमिराच्या भाकऱ्या करताना दिसतात. इजिप्तच्या गुलामीतून सुटून पूर्वजांच्या भूमीकडे निघालेल्या लोकांची ती कथा, आणि चित्र मात्र कोकणातल्या स्वयंपाकघराचे. मला या समाजाची सगळी हकीकत त्या एका चित्रात दिसते. त्यांनी कीर्तनेही केली, मराठीत, अब्राहामाची आणि योसेफाची. नवसाला एलियाहू हन्नाबीचा मलिदा केला: पोहे, गूळ, खोबरे, फळे.

मूळ भूमी प्रार्थनेत होती, पण जायचे कोणाच्या मनात नव्हते. १८९७ मध्ये बाझेलला, ज्यूंनी मूळ भूमीकडे परतावे असे मानणाऱ्यांची, पहिली झायनवादी परिषद भरली तेव्हा मुंबईच्या बेने इस्रायलांनी निमंत्रण नाकारले. परत नेणारा देव आहे, माणसाने त्यासाठी परिषदा भरवायच्या नसतात, अशी त्यांची धारणा होती. पन्नास वर्षांत हे चित्र पालटले.

का गेले?

१९५१ च्या जनगणनेत भारतात सुमारे २६ हजार ज्यू होते. त्यांतले बहुसंख्य बेने इस्रायल. २०११ मध्ये सगळे मिळून ४,६५० उरले, त्यांतले निम्म्याहून अधिक महाराष्ट्रात. उलट इस्रायलमध्ये भारतीय वंशाचे ज्यू सुमारे ८५ हजार असल्याचे भारतीय दूतावास सांगतो. यात कोचीनचे, बगदादी आणि ईशान्येकडचे बने मनाशेही आले. एवढा समाज का उठला, यावर तीन मते आहेत.

पहिले मत धर्माचे. इस्रायलने ५ जुलै १९५० रोजी परतीचा कायदा केला आणि जगातल्या कोणत्याही ज्यूला येऊन नागरिक होण्याचा हक्क दिला. हिब्रूत या स्थलांतराला 'आलिया' म्हणतात, म्हणजे वर चढणे. ज्या भूमीकडे तोंड करून पिढ्यान्‌पिढ्या प्रार्थना केली तिचा दरवाजा उघडला, तेव्हा जाणे हे कर्तव्य झाले. गेलेल्यांपैकी अनेक वृद्ध आजही हेच कारण पहिले सांगतात आणि त्यांच्या शब्दावर अविश्वास दाखवण्याचे कारण नाही.

दुसरे मत पोटापाण्याचे. इंग्रजी अमलात रेल्वे, कस्टम, पोस्ट-तार अशा खात्यांत बेने इस्रायल त्यांच्या संख्येच्या मानाने बरेच होते. इंग्रज गेल्यावर त्या नोकऱ्यांची शाश्वती कमी झाली. जोन रोलंड यांच्यासारख्या इतिहासकारांनी या अस्वस्थतेकडे लक्ष वेधले आहे. भारतात ज्यूंचा छळ झाला नाही, हे सर्व पक्ष मान्य करतात. म्हणून युरोपातल्या ज्यूंचे पळून जाणे आणि इथल्या ज्यूंचे निघून जाणे एका मापाने मोजता येत नाही.

तिसरे कारण कमी बोलले जाते, पण तरुणांच्या दृष्टीने मला ते सर्वांत जड वाटते: लग्न. समाज लहान. पहिली दहा घरे गेली की उरलेल्या मुलांना समाजात स्थळ मिळणे अवघड; म्हणून आणखी दहा घरे जातात. मुलगा आधी जातो, मग बहीण, मग आईवडील. धर्म आणि नोकरी ही निघण्याची कारणे असतील. पण सगळे निघाले, कारण मागे राहणे एकटेपणाचे होत गेले. आपल्या गावांतून पुण्या-मुंबईला गेलेल्या घरांची साखळीही याहून वेगळी नव्हती.

आईची आई कोण?

गेलेल्यांचे स्वागत कसे झाले, हा या चर्चेचा सर्वांत वादग्रस्त भाग. दोन प्रसंग पुन्हा पुन्हा सांगितले जातात.

पहिला १९५१-५२ चा. नेगेव्हच्या वाळवंटात बीरशेबाकडे वसवलेल्या काही बेने इस्रायलांनी रंगावरून दुजाभाव होतो, काम आणि घर देताना मागे टाकले जाते अशी तक्रार केली आणि भारतात परत पाठवा म्हणून तेल अवीवला स्थलांतराचे काम पाहणाऱ्या ज्यू एजन्सीसमोर ठिय्या दिला. १९५२ मध्ये सुमारे दीडशे जणांना विमानाने मुंबईला पोचवले गेले. पुढच्या काही वर्षांत त्यांच्यातले बरेचसे पुन्हा इस्रायलला गेले. या एका घटनेचे दोन अर्थ लावले जातात. एका बाजूचे म्हणतात, मूळ भूमीने त्यांना नाकारले याचा हा पुरावा. दुसऱ्या बाजूचे म्हणतात, शेवटी ते परत गेलेच, तेव्हा सुरुवातीच्या हालअपेष्टांपलीकडे यात काही नाही. त्या वर्षांत इराक, येमेन, मोरोक्कोचे ज्यूही तंबूंतच राहत होते. मला वाटते, दोन्हींकडून एक गोष्ट निसटते. परत आलेल्यांना मुंबई तशीच सापडली नाही. घर सोडलेले, नोकरी गेलेली, नातलग तिकडे निघण्याच्या तयारीत. त्यांना दोन्हीकडे परके वाटले असेल, तर त्यावरून कोणता देश चांगला हे ठरत नाही.

दुसरा प्रसंग अधिक खोल आहे. इस्रायलमध्ये नागरी विवाह नाही. ज्यूंचे लग्न रब्बींच्या, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या, धर्मपीठाकडे नोंदले जाते. बेने इस्रायल शतकानुशतके रब्बींशिवाय राहिले होते, घटस्फोट आणि विधवेच्या लग्नाबाबतचे धार्मिक नियम त्यांच्याकडे नीट पाळले गेले असतील का, अशी शंका काही रब्बींनी घेतली. १९६१ मध्ये धर्मपीठाने लग्नाला मान्यता दिली, पण १९६२ च्या सूचनांत नोंदणी करणाऱ्या रब्बीने आईकडची वंशावळ जमेल तितकी मागे तपासावी असे सांगितले. म्हणजे आई कोण, आईची आई कोण, तिची आई कोण. कोकणातल्या खेड्यातून आलेल्या मुलीने पणजीच्या आईचा कागद आणायचा कुठून?

समाज पेटून उठला. १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये बेने इस्रायलांनी धरणे धरले. त्यात बायका-मुले होती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये इस्रायलच्या संसदेने सुट्टीत खास बैठक घेतली आणि बेने इस्रायल हे सर्वार्थाने ज्यू आहेत असे जाहीर केले. त्यानंतर धर्मपीठाने सूचनांतून समाजाचे नाव काढले. अभ्यासक जोसेफ होड्स यांनी २०१४ च्या आपल्या पुस्तकात हा लढा धार्मिक समानतेचा लढा म्हणून मांडला आहे. रब्बींची बाजूही सांगायला हवी. त्यांच्या मते हा रंगाचा प्रश्न नव्हता. विवाहाचे नियम सर्वांना सारखे आहेत आणि शंका आली तर तपास करणे त्यांना बंधनकारक आहे. पण नियम सर्वांना सारखा असला तरी तपास एकाच समाजाच्या नावे निघाला होता, आणि संसदेला जे चुकीचे वाटले ते तेच होते.

इथे कायदा आणि धर्म यांच्यातली फट दिसते. १९७० च्या दुरुस्तीनंतर परतीचा कायदा ज्यूच्या मुलाला, नातवाला आणि त्यांच्या जोडीदारांना देशात घेतो. धर्मपीठ मात्र आई ज्यू असेल किंवा रीतसर धर्मांतर झाले असेल तरच माणसाला ज्यू मानते. बाप ज्यू आणि आई दुसऱ्या धर्माची असा मुलगा उद्या इथून गेला, तर तो नागरिक होईल, सैन्यात जाईल, कर भरेल. लग्नाच्या वेळी मात्र त्याला सांगितले जाईल की तू ज्यू नाहीस. हा गुंता आजही सुटलेला नाही. मिझोराम-मणिपूरच्या बने मनाशेंना तर २००५ मध्ये इस्रायलचे वंशज म्हणून मान्यता मिळूनही रीतसर धर्मांतर करावे लागते.

वंशाची आठवण कोणाच्या बाजूने ठेवायची, हे समाजागणिक बदलते. आपल्याकडे दक्षिण महाराष्ट्रात वंशावळी घेऊन फिरणारे हेळवी किंवा त्र्यंबकेश्वरचे तीर्थोपाध्याय नावे वाचतात ती बापाची, आजोबाची, खापरपणजोबाची. २०२३ पासून आरक्षणासाठी लागणाऱ्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी घरोघरच्या लोकांनी मोडी कागद धुंडाळले, तेव्हा तहसील कचेरीत जाऊन पूर्वजाचे नाव सिद्ध करणे म्हणजे काय असते, हे आपल्या दोन्ही तालुक्यांनी अनुभवले. तो शोधही पितृकुळातला. पणजीचे नाव विचारले असते, तर किती घरांना सांगता आले असते?

विशीतल्या मुलाचा हिशेब

आतापर्यंतची चर्चा समाजाची झाली. तरुण म्हणून जाणाऱ्याचे प्रश्न वेगळे आहेत, आणि अलीकडे अभ्यासकांचे लक्ष तिकडे वळले आहे.

वयाचा पहिला फायदा भाषेत. नव्याने आलेल्यांसाठी 'उल्पान' नावाचे हिब्रूचे वर्ग असतात, साधारण पाच महिन्यांचे. विशीतला मुलगा त्यात भाषा उचलतो; पन्नाशीतला बाप आयुष्यभर दुकानदाराला खुणा करत राहतो. मग घरात उलटापालट होते. सरकारी पत्र मुलगा वाचतो, बँकेत मुलगी बोलते, आणि ज्या आईबापांनी त्यांना वाढवले ते त्यांच्यावर अवलंबून होतात. पुढच्या पिढीत मराठी उरते ती आजीशी बोलण्यापुरती. 'मायबोली' नावाचे मराठी त्रैमासिक इस्रायलमध्ये अनेक वर्षे निघत आले आहे. परक्या देशात एवढ्या छोट्या समाजाने नियतकालिक चालवणे ही मोठी निष्ठा आहे. पण ते वाचणारे बहुतेक भारतात जन्मलेले, हेही खरे.

दुसरा मुद्दा सैन्याचा. इस्रायलमध्ये मुलगे आणि मुली दोघांनाही सैनिकी सेवा सक्तीची. बाहेरून आलेल्यांना किती काळ करावी लागेल हे येतानाच्या वयावर ठरते. अठराव्या वर्षी गेलेला आणि तिशीत गेलेला, दोघांचा देश म्हणूनच सारखा नसतो. समर्थक म्हणतात की सैन्य हीच खरी शाळा, तिथे मुंबईचा मुलगा इस्रायली होतो. विरोधक विचारतात की ज्या देशाची भाषा धड येत नाही त्याच्यासाठी बंदूक हाती घ्यायला लावणे हे पूर्वजांच्या आठवणीची फार मोठी किंमत नव्हे का? ७ ऑक्टोबर २०२३ चा इस्रायलवरचा हल्ला आणि त्यानंतरचे गाझातले युद्ध यांनी हा प्रश्न कागदावरच राहू दिला नाही.

तिसरा मुद्दा कामाचा. साठच्या दशकात आलेल्यांना बीरशेबा, अश्दोद, लोद अशा गावांत आणि नव्याने वसवलेल्या दिमोनात घरे मिळाली. १९५५ मध्ये वाळवंटात वसलेले दिमोना आज 'छोटा भारत' म्हणून ओळखले जाते. तिथे कापड गिरणी होती, क्रिकेट होते, मसाल्याची दुकाने होती. मुंबईतला कारकून तिथे गिरणीत लागला. त्याच्या मुलांनी शिकून वर येणे हाच त्या पिढीचा हिशेब होता. मानववंशशास्त्रज्ञ शाल्वा वाइल यांनी लोदमधल्या बेने इस्रायलांमध्ये राहून अभ्यास केला आणि एक मर्माची गोष्ट नोंदवली: भारतात 'ज्यू' म्हणून ओळखले जाणारे हे लोक इस्रायलमध्ये 'भारतीय' म्हणून ओळखले जाऊ लागले. ब्राझीलहून जपानला गेलेल्या जपानी वंशाच्या तरुणांचेही असेच झाले. जपानने १९९० मध्ये त्यांना खास व्हिसा दिला. आजोबांचे तोंड, पण भाषा पोर्तुगीज. कारखान्यात ते 'ब्राझीलवाले' ठरले. मंदी आली तेव्हा, २००९ मध्ये, सरकारने त्यांना दर कामगारामागे तीन लाख येन देऊन परत जायला सांगितले, आणि तोच व्हिसा घेऊन लगेच फिरकायचे नाही अशी अट घातली. वंशाचे नाते कामगाराच्या गरजेपुरते होते, हे त्या वेळी उघड झाले.

राहिलेले, आणि त्या भूमीवर आधीच असलेले

जे गेले नाहीत त्यांची बाजू अनेकदा केवळ हळहळीत संपवली जाते. तसे करू नये. कवी निस्सीम इझिकेल मुंबईतच राहिले आणि इंग्रजीतल्या भारतीय कवितेला त्यांनी वळण दिले. डॉ. जेरुशा झिराड यांनी स्त्रियांच्या आरोग्यासाठी इथेच काम केले. डेव्हिड अब्राहम चेऊलकर हे हिंदी पडद्यावर घराघरांत पोचले. राहिलेल्यांचे म्हणणे साधे आहे: दोन हजार वर्षे जिथे राहिलो ती भूमी पूर्वजांची नाही, असे कसे म्हणता? नवगावला पूर्वजांची थडगी आहेत. एस्थर डेव्हिड यांच्या 'बुक ऑफ रेचेल' या साहित्य अकादमी पुरस्कारप्राप्त कादंबरीत मुले इस्रायलला गेलेली एक विधवा कोकणकिनारी एकटीने ओस पडलेले सिनेगॉग सांभाळते. कोणती भूमी मूळची, हा प्रश्न त्या कादंबरीत उत्तराविना राहतो. महाराष्ट्र सरकारने २०१६ मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. राहिलेल्यांना तो मोलाचा वाटला.

माणसाचे मूळ गाव सरकते, याचा दाखला बारामतीतच आहे. कवी मोरोपंत पराडकरांचे घराणे कोकणातले, जन्म १७२९ मध्ये पन्हाळ्याचा, आणि १७९४ मध्ये देह ठेवला तो बारामतीत. आज त्यांना बारामतीचे म्हणताना कोणी अडखळत नाही. वालचंदनगरच्या वसाहतीत वाढलेल्या मुलांना विचारा. आजोबा कुठल्या प्रांतातून कारखान्यावर आले हे त्यांना ऐकून ठाऊक असते, पण मूळ गाव म्हणून ती वालचंदनगरच सांगतात. म्हणून काही अभ्यासक 'पूर्वजभूमी' हा शब्दच सावधपणे वापरावा असे म्हणतात. कितवा पूर्वज धरायचा, हे शेवटी माणूस किंवा कायदा ठरवतो.

आणि ज्या भूमीकडे परतायचे ती रिकामी नव्हती. १९४८ च्या युद्धात सुमारे सात लाख पॅलेस्टिनी घराबाहेर पडले किंवा घालवले गेले. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ११ डिसेंबर १९४८ च्या १९४ क्रमांकाच्या ठरावात, शांततेने राहू इच्छिणाऱ्या निर्वासितांना घरी परतू द्यावे असे म्हटले. इस्रायलचे म्हणणे असे की ठराव बंधनकारक नाही, युद्ध अरब देशांनी लादले, आणि त्याच काळात अरब देशांतून लाखो ज्यूही निर्वासित होऊन आले. पॅलेस्टिनींचे म्हणणे असे की दोन हजार वर्षांपूर्वीच्या पूर्वजाच्या नावाने परतीचा हक्क मिळतो आणि आजोबाच्या घराची किल्ली हातात असलेल्याला मिळत नाही. मुंबईच्या मुलाने हा वाद सोडवावा अशी अपेक्षा कोणी करणार नाही. पण मूळ भूमी निवडताना तो या वादातही पाऊल ठेवतो, हे त्याला आधी सांगितले पाहिजे. महात्मा गांधींनी १९३८ मध्ये 'हरिजन'मध्ये ज्यूंच्या छळाबद्दल कळवळा आणि पॅलेस्टाइन अरबांचे आहे हे मत, दोन्ही एकाच लेखात मांडले होते. त्या दोन गोष्टी एकत्र धरणे आजही अवघडच आहे.

उलटा प्रवास : नातवंडे नीरा-भीमेकाठी

आता आपल्या दाराशी. भारताचा परतीचा कायदा नाही. आहे ते ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड, २००५ च्या दुरुस्तीनंतरचे. भारतीय नागरिकाच्या मुलाला, नातवाला, पणतूला ते मिळते. त्यावर हवे तितके दिवस राहता येते, शिकता येते, बहुतेक कामे करता येतात. मत देता येत नाही, सरकारी नोकरी नाही. आणि बारामती-इंदापूरच्या दृष्टीने महत्त्वाचे म्हणजे शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाने आलेली मात्र ठेवता येते, आणि विकायची झाली तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच. म्हणजे न्यू जर्सीत जन्मलेल्या मुलाचा या मातीतला पाय सातबाऱ्यावरच्या आजोबाच्या नावावर उभा असतो.

शिक्षणाचे दार अरुंद होत आहे. मार्च २०२१ च्या अधिसूचनेने ओसीआय विद्यार्थ्यांना वैद्यकीयसारख्या प्रवेशांत अनिवासी भारतीयांच्या रांगेत बसवले. जे लहानपणापासून इथेच शिकले त्यांना हा धक्का होता. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की ही अधिसूचना ज्यांना आधी कार्ड मिळाले त्यांना मागे जाऊन लागू करता येणार नाही. एका बाजूने सरकारचे म्हणणे रास्त आहे: नागरिकांच्या जागा नागरिकांना. दुसऱ्या बाजूने, पूर्वजांच्या देशात ये म्हणायचे आणि आल्यावर पाहुण्याच्या ताटात वाढायचे, ही तक्रारही खोटी नाही.

या दोन कथा एका ठिकाणी भेटतात. भारतीय वंशाच्या इस्रायली तरुणांना तिथली सक्तीची सैनिकी सेवा केल्यामुळे ओसीआय कार्डाला अडचण येई. जुलै २०१७ मध्ये तेल अवीवच्या भाषणात पंतप्रधान मोदींनी ती दूर करण्याचे जाहीर केले. म्हणजे पेणकर आजोबांचा नातू, ज्याचे आजोबा पूर्वजांच्या देशी म्हणून निघाले, तो आता भारताच्या दूतावासात पूर्वजांच्या देशाचे कार्ड मागतो. दोन्ही वेळा शब्द एकच आहे.

काय सुटलेले नाही

तीन गोष्टी अजून अधांतरी आहेत. पुरावा कोणाचा मानायचा: कायद्याचा, धर्माचा, जनुकांचा की घरातल्या आठवणीचा? इस्रायलमध्ये या चारांचा मेळ बसलेला नाही. दुसरे, पोचलेल्याला 'आपला' मानायला समाज किती वेळ घेतो? दिमोनाच्या तिसऱ्या पिढीने तो प्रश्न बऱ्याच अंशी मागे टाकला आहे, पण पहिल्या पिढीने त्यासाठी मराठी आणि मान दोन्ही खर्च केले. तिसरे, जाऊन परत आलेल्यांचे काय? १९५२ च्या त्या दीडशे माणसांचा उल्लेख पुस्तकांत ओळीदोन ओळींत येतो. त्यांची घरे, त्यांची मुले, त्यांनी पुन्हा जायचे कसे ठरवले, हे सविस्तर लिहिले जायला हवे होते.

माझे मत विचाराल तर, विशीतल्या मुलासाठी हे परतणे नसते. त्याच्यासाठी तो पहिल्यांदाच पाहिलेला देश असतो. तिथे जायचे असेल तर परदेशी जाणाऱ्याने करावी तेवढी तयारी करून जावे: भाषा शिकून, कायदा वाचून, तिथे आधी कोण राहते हे समजून. आणि जे पाठवतात त्यांनी 'आपलीच माणसे आहेत' एवढ्यावर त्याला सोडू नये.

बारामती-इंदापूरच्या वाचकांना एक विनंती. परदेशातली नातवंडे दिवाळीला किंवा सुट्टीला येतील तेव्हा सातबाऱ्यावरच्या वारसनोंदी त्यांच्यासमोर तपासून घ्या. आता मुलींचा वडिलोपार्जित हक्क मुलांइतकाच आहे, तेव्हा त्यांची नावे राहिली असतील तर लावून घ्या. आणि एका वहीत घरातल्या बायकांची नावे लिहून ठेवा. आजी, तिची आई, तिची आई, प्रत्येकीचे माहेर आणि त्या गावाचा तालुका. उजनीत गेलेल्या गावांतल्या माहेरांची नावे आधी लिहा. ती सांगणाऱ्या बायका आता थोड्या उरल्या आहेत.